हातमोज्यांची तिसरी जोडी

९ नोव्हेंबर

वहिनींना नमस्कार,

दोन्ही घरची खुशाली विचारून झाली असं समजा आणि मुद्द्यावर येऊ.

आईचं पत्र काल मिळालं. मी पाठवलेले लोकरीचे हातमोजे पोचले, बोटं अगदी मापात बसली, असं तिनं लिहिलंय. पत्र छान आहे. पण दुसऱ्या पानाच्या खालच्या कोपऱ्यात, पान उलटायला जिथं अंगठा लागतो तिथं, एक डाग आहे. मसुराएवढा, तपकिरी. तुम्ही म्हणाल, चहाचा असेल. वहिनी, मी बावीस वर्षं हातमोज्यांच्या कारखान्यात तपासनीस आहे. दिवसाला चारशे जोड्या माझ्या हाताखालून जातात आणि डाग शोधणं हेच माझं काम. चहाचा डाग कडेला गडद होतो. हा मध्ये गडद आहे. हे रक्त आहे.

तेव्हा सरळ विचारते. आईच्या हातांना भेगा पडल्यात का? ती भांडी घासते का? अंघोळीचं पाणी किती कढत असतं? दारं-खिडक्या लावून दिवसभर हीटर चालू ठेवता का? कारण त्या कोरड्या हवेनं कातडी आधी ताणते आणि मग उकलते. हात धुतल्यावर ओलसर असतानाच मलम लावता, की पार वाळल्यावर? तुमच्या लाँड्रीतल्या सोड्याच्या पाण्यात ती हात घालते का? आणि शेवटचं, तिच्या हातांना रोज मलम लावतं कोण? सात प्रश्न आहेत. मोजून सात उत्तरं द्या.

फोन केला असता, पण आईला फोनवर ऐकू येत नाही, दादा ‘सगळं ठीक आहे’ याच्या पुढे जात नाही, आणि तुमचं म्हणाल तर फोनवर माणसाला आवाज बदलता येतो. कागदावर लपवालपवी जरा कठीण जाते.

चार हिवाळ्यांपूर्वी तुम्ही घराखाली लाँड्री काढलीत तेव्हाच मी म्हटलं होतं, या वाफेत आणि सोड्यात आईचे हाल होतील. तुम्हाला राग आला, मला त्याहून जास्त आला, आणि या घरात पुन्हा पाऊल टाकणार नाही म्हणून मी निघाले. तो शब्द मी मागे घेतलेला नाही. पण आई माझी आहे आणि डाग मी पाहिलाय.

तुमची नणंद

•

१७ नोव्हेंबर

वन्सं, नमस्कार.

तुमचं पाकीट बघूनच तुमच्या दादांनी विचारलं, “काय म्हणतंय आमचं भिंग?” मी म्हटलं, या खेपेला मसुराएवढं सापडलंय. ते हसले आणि पेपर घेऊन गच्चीत गेले. त्यांची तेवढीच मदत असते, तुम्हाला माहीत आहे.

उत्तरं देते. हो, भेगा आहेत. अंगठ्याजवळ एक उकलली होती, तिचंच ते रक्त. थंडी यंदा बोचरी आहे, माझ्या टाचांची तर वाळून तडकलेली नदीकाठची माती झालीय. भांडी त्या घासत नाहीत, मी घासू देत नाही. अंघोळीचं पाणी कोमट असतं. त्यांना कढत आवडतं, त्यावरून रोज वाद होतो आणि रोज मी जिंकते. हीटर सकाळी दोन तास, संध्याकाळी दोन तास, आणि त्याच्यापुढे पाण्याचं पातेलं ठेवते म्हणजे हवेत थोडी ओल राहते. हात पुसताना रगडायचे नाहीत, टिपायचे, आणि ओलसर असतानाच ग्लिसरीन लावायचं, हे तुम्ही मला शिकवू नका. दिवसभर पाण्यात हात असणारी बाई आहे मी, माझे हात मीच शाबूत ठेवलेत. सोड्याच्या पाण्याजवळ त्या फिरकत नाहीत. दुपारी वर एकट्या कंटाळतात म्हणून खाली दुकानात येऊन बसतात आणि धुतलेल्या शर्टांच्या कॉलरला नंबराच्या चिठ्ठ्या लावतात. गिऱ्हाइकांशी गप्पाही होतात.

तुमचे मोजे त्यांना फार आवडलेत. दिवसभर हातात असतात. चिठ्ठ्या लावतानासुद्धा काढत नाहीत, मग चिठ्ठ्या वाकड्या लागतात आणि आम्ही दोघी हसतो.

तुमची वहिनी

•

२६ नोव्हेंबर

वहिनी,

सहा उत्तरं मिळाली. सातवं गिळलंत.

आमच्याकडे एखाद्या जोडीत नऊ टाके नीट असले आणि दहावा झाकलेला असला, तर आम्ही नऊ बघत नाही. दहावा उघडतो. आईच्या हातांना मलम कोण लावतं, एवढा साधा प्रश्न. ‘मी लावते’ म्हणायला दोन शब्द लागले असते. ते तुम्ही लिहिले नाहीत, म्हणजे कुठंतरी पाणी मुरतंय. कोणी लावतच नाही का? की लावायला गेलं तर आई हात मागे घेते, आणि का घेते हे तुम्हाला सांगायचं नाही?

आणि चिठ्ठ्या! किती लाडानं लिहिलंयत. म्हणजे सत्तर वर्षांची बाई दुकानात काम करते. ओल्या कॉलरींना हात लावते, त्या कॉलरींत सोडा असतो, आणि तुम्ही म्हणता त्या सोड्याजवळ फिरकत नाहीत. बाल्टीजवळ फिरकत नसेल, पण बाल्टीतून निघालेल्या कपड्यांचं काय?

सोबत मोज्यांची दुसरी जोडी पाठवतेय, म्हणजे एक दमट झाली तर दुसरी घालता येईल. ही मी चारशेतून निवडलीय. मलमाची बरणीही आहे, झोपण्याआधी जाडसर थर लावायचा. आणि मला आईच्या हातांचा फोटो हवाय. उघड्या हातांचा, उजेडात, दोन्ही बाजूंनी.

तुमची नणंद

•

७ डिसेंबर

वन्सं, नमस्कार.

फोटो पाठवतेय. खिडकीशी बसवलं, उजेड चांगला आहे, चेहराही छान आलाय. हातात मोजे आहेत, कारण त्या काढायला तयार नाहीत. मी काय करू? ओढून काढू? मग तुम्ही त्याचाही जाब विचाराल.

बरणी पोचली. दुसरी जोडीही. आता पहिली दुपारपर्यंत आणि दुसरी दुपारनंतर, असा त्यांचा क्रम बसलाय. तुमच्या दादांनी थट्टा केली तर म्हणाल्या, “लेकीनं पाठवलेत, तुझं काय जातंय?”

एक विचारायचं होतं. रागावू नका. मोजे तयार झाले की तुमच्या कारखान्यात आतून काही लावतात का? मी कपड्यातली बाई, सवयीनं हात घालून पाहिला. आतून जरा तुळतुळीत लागतं, कोऱ्या कापडाला खळ असते तसं, पण खळ नाही. बोटं चोळली तरी ते राहतं. काय असतं ते? मला कळलं तर बरं होईल.

सातव्या प्रश्नाचं उत्तर मी विसरले नाही. आत्ता देता येत नाही एवढंच.

तुमची वहिनी

•

१५ डिसेंबर

वहिनी,

तुमचं पत्र तीनदा वाचलं. तिन्ही वेळा नाकाला मिरच्या झोंबल्या.

म्हणजे आता खापर माझ्या मोज्यांवर! आईच्या हातांना भेगा पडल्या तुमच्या घरात, तुमच्या वाफेत, तुमच्या कॉलरींना चिठ्ठ्या लावून, आणि संशय कुणावर? चारशे मैलांवरून पार्सल पाठवणाऱ्या नणंदेवर. बरं सुचलं. तर ऐका. बाजारात जाणाऱ्या प्रत्येक मोज्याला शेवटच्या टेबलावर काय लागतं ते कारखान्याबाहेर सांगायला मी बांधील नाही. वापरणाऱ्यानं काय करायचं ते प्रत्येक जोडीतल्या चिठ्ठीवर छापलेलं असतं. गिऱ्हाइकांच्या कॉलरींवरच्या चिठ्ठ्या वाचता येतात ना, मग तीही वाचा.

फोटो मी भिंगाखाली धरला. हो, भिंगाखाली, दादाला सांगा. आईच्या डाव्या मोज्याची मनगटाजवळची कड आत दुमडलेली आहे. आई कड कधी दुमडत नाही, तिला ते गबाळं वाटतं. कड दुमडते ती मोजा घाईनं चढवला तर, किंवा दुसऱ्यानं चढवला तर. म्हणजे फोटोच्या आधी क्षणभर हात उघडे होते. कुणीतरी ते पाहिले आणि झाकले. आणि खुर्चीमागे जे निळं दिसतं ते बाल्टीचं तोंड आहे. खिडकी घरातली नाही, दुकानातली आहे.

माझं ठरलंय. वीस जानेवारीला मी येतेय आणि आईला इकडे घेऊन जातेय. चार वर्षांचा शब्द मोडावा लागला तरी चालेल. तोवर तिसरी जोडी पाठवतेय, ही जरा मोठी आहे. हातांना पेट्रोलियम जेलीचा जाड थर लावायचा, वर हे मोजे चढवायचे आणि दिवसभर काढायचे नाहीत. कातडीला ओल कोंडून मिळाली की भेगा आठ दिवसांत भरतात. निदान हे तरी सांगितल्याप्रमाणे करा.

तुमची नणंद

•

२२ डिसेंबर

पोरी,

तू येणार म्हणून वहिनीनं सांगितलं. किती तारीख म्हणालीस, वीस ना? मी खोली आवरायला घेतलीय. तुझी उशी उन्हात टाकली.

माझे हात बरे आहेत. थंडीत व्हायचंच. तुझे मोजे फार ऊबदार. तू वहिनीला काही बोलू नकोस, ती बिचारी दिवसभर उभी असते. पण ये. रागावलेली असलीस तरी ये, मला चालेल.

येताना काही आणू नकोस.

आई

•

३० डिसेंबर

वहिनी,

आता मात्र हद्द झाली.

‘आईचं पत्र’ मिळालं. अक्षर आईचं नाही. शाळेपासून तिची पत्रं वाचतेय मी. तिची ओळ पट्टीनं आखल्यासारखी जाते, ही डाव्या बाजूनं सुरू होऊन खाली घसरलीय. तिची अक्षरं बारीक असतात, ही सुपारीएवढी आहेत. तिच्या शिरोरेषा जोडलेल्या असतात, इथे त्या जागोजागी तुटल्यात. कुणीतरी तिचं अक्षर काढायचा प्रयत्न केलाय आणि तो साधलेला नाही. मजकूर तर बघा, ‘वहिनीला काही बोलू नकोस, ती बिचारी’. बिचारी! स्वतःची इतकी वकिली कुणी दुसऱ्याच्या नावानं करत असेल असं वाटलं नव्हतं.

आणखी एक. पत्रात ‘मोजे ऊबदार’ म्हटलंय, पण तिसऱ्या जोडीचा शब्द नाही. ते पार्सल अठरा तारखेला तुमच्या पत्त्यावर पोचलंय, पोस्टातून मी खात्री केलीय. सही तुमची आहे. आईला ती जोडी दिलीत का? नसेल दिली, तर कुठे आहे?

माझी आई तिथे धड आहे ना, वहिनी? हा प्रश्न मी दोनदा खोडून पुन्हा लिहिलाय. मी तुमच्याशी कधी गोड बोलले नाही, पण मी तुम्हाला खोटारडं समजत नव्हते. आता मला काहीच कळत नाही. दादाला फोन केला तर तो म्हणाला, सगळं ठीक आहे. त्याच्या ‘ठीक’वर मी आजवर कधी विश्वास ठेवला नाही आणि आज ठेवावासा वाटतोय, एवढी मी घाबरलेय.

खरं लिहा.

तुमची नणंद

•

६ जानेवारी

वन्सं,

आई धड आहेत. आधी एवढं वाचा, पाणी प्या, मग पुढचं वाचा.

ते अक्षर आईंचंच आहे. मोजे घालून लिहिलंय. पेन दोनदा सुटलं, मी उचलून दिलं. मी म्हटलं, तुम्ही सांगा, मी लिहिते, तर म्हणाल्या, “नको, तिला वाटेल तू लिहिलंस.” आणि झालं उलटंच. मला हसू आलं आणि मग रडू आलं.

मी शब्द दिला होता म्हणून गप्प होते. आज तो मोडतेय. तुम्ही माझ्या अक्षरावर आलात म्हणून नाही. हात आता माझ्याच्यानं बघवत नाहीत म्हणून.

सातव्या प्रश्नाचं उत्तर घ्या. मलम मी लावते. रोज संध्याकाळी. दिवसात तेवढीच दहा मिनिटं त्या मोजे काढू देतात. ऑक्टोबरात मोजे आले तेव्हा हात थोडे कोरडे होते, सगळ्यांचे असतात तसे. दहा दिवसांत बोटांच्या बेचक्यात लाली आली. मग बारीक पुटकुळ्या. मग भेगा. लाली मनगटावर जिथं मोजा संपतो तिथं संपते, बरोबर त्या रेषेवर, कुणी पट्टीनं ओढल्यासारखी. हे पहिल्याच पत्रात लिहिलं असतं तर तुम्हाला कळायला क्षण लागला नसता. म्हणून सातवं उत्तर लिहिलं नाही. मलम मी लावते म्हटलं असतं, तर तुमचा पुढचा प्रश्न आलाच असता, मग काय दिसतं ते सांगा.

आईंना मी तेव्हाच म्हटलं, हे मोज्यांमुळे आहे. त्यांनी माझं तोंडच बंद केलं. “तिनं चारशेतून निवडलेत. तिला सांगितलंस तर ती मनाला लावून घेईल.” मी म्हटलं, बरं, मग मी एकदा धुते तरी. वन्सं, माझ्या लाँड्रीत तीन टब आहेत, गावभराचे कपडे माझ्याकडे येतात, आणि माझ्या घरात हे मोजे दोन महिने न धुतलेले आहेत! कारण त्या म्हणतात, धुतलंस तर तिच्या हाताचा वास जाईल. मी नाकाशी धरले, मला लोकरीचाच वास आला. त्यांना येतो म्हणतात.

मग तुम्ही वीस जानेवारीला येते असं लिहिलंत. मी पत्र वाचून दाखवलं, कठोर शब्द गाळून. त्यांनी तारीख दोनदा विचारून घेतली. मग म्हणाल्या, “आता मुळीच सांगू नकोस. खरं कळलं तर ती ओशाळेल आणि येणारच नाही. तुझ्यावर चिडलेली असली तर मला न्यायला तरी येईल.”

मी मान डोलावली. चार हिवाळे तुम्ही माझ्यावर चिडूनच आहात, म्हटलं त्यात आणखी एक. मूग गिळून बसले. तुम्ही लिहीत गेलात, मी शिव्या खात गेले, आणि त्या प्रत्येक पत्रानंतर विचारायच्या, “रागावलीय ना? मग येईल.” राग मला आला नाही असं नाही. बाल्टीचं तोंड ओळखलंत तेव्हा पाकीट चुलीत घालावंसं वाटलं होतं. हो, खिडकी दुकानातलीच. तिथं ऊन येतं म्हणून त्या तिथं बसतात. आणि मनगटाची कड मीच दुमडली. फोटोसाठी त्या दिवशी मलम दुपारीच लावून घाईनं चढवलेला मोजा होता, तुमचं बरोबर होतं. तुमचं सगळं बरोबर होतं, वन्सं, फक्त माणूस चुकीचं धरलंत.

तिसरी जोडी त्यांना दिली नाही. जेलीच्या थरावर ते चढवून दिवसभर ठेवा म्हणालात, ते मला करवलं नाही. दुकानाच्या खणात ठेवली आणि तिचा अंगठा कातरून त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे नेला. आईंनाही नेलं, माझी पाठ खाजते, सोबतीला चला अशी थाप मारून. बाईंनी तो तुकडा आईंच्या पाठीवर चिकटवला, दोन दिवस ठेवला. काढला तेव्हा खाली अंगठ्याच्या आकाराचा लाल डाग होता. शेजारी नुसत्या लोकरीचा तुकडा लावला होता, तिथं काही नाही. म्हणजे लोकर नाही, आतलं ते तुळतुळीत. बाई म्हणाल्या, मोजे आजपासून बंद. पंधरा दिवसांत हात भरतील. नाही काढले तर भेगांत पू होईल, आणि या वयात तो आवरणं सोपं नाही.

त्या काढत नाहीत. मी सांगितलं, डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, तुमचे दादा पहिल्यांदाच पेपर खाली ठेवून बोलले. उजव्या हाताची दोन बोटं सुजलीत. त्या म्हणतात, वीस तारखेला ती आली की तिच्या समोर काढेन, तोवर असू दे. तुमच्या येण्यापर्यंत थांबायला वेळ नाही हो. त्या कुणाचं ऐकतील तर तुमचं.

तुम्ही म्हणालात, जोडीतली चिठ्ठी वाचा. वाचली. तिन्ही जोड्यांत छापील चिठ्ठी नव्हतीच, ही होती. आईंच्या दोन त्यांनी उशीखाली ठेवल्यात, खणातल्या जोडीतली सोबत पाठवतेय. अक्षर तुम्ही ओळखालच.

तुमची वहिनी

(सोबत, कारखान्याच्या पिवळ्या कागदाचा बोटभर तुकडा:)

आई, हे मी स्वतः तपासलेत. एकही दोष नाही.
— तपासनीस ७

•

१३ जानेवारी

वहिनी,

पत्र टपालानं पाठवत नाही. इकडून एक ट्रकवाला माल घेऊन तुमच्या बाजूला येतोय, त्याच्या हाती देतेय. उद्या दुपारी तो लाँड्रीत आणून देईल.

तुमचं पत्र मी कारखान्यातच वाचलं, माझ्या टेबलावर, दिव्याखाली. मग उठून शेवटच्या टेबलावर गेले. तिथं काय लावतात ते मला बावीस वर्षं माहीत आहे. बोटं अडकू नयेत म्हणून आतून फवारा मारतात. एका धुण्यात तो निघून जातो. म्हणून प्रत्येक जोडीत छापील चिठ्ठी घालतात, ‘वापरण्यापूर्वी कोमट पाण्यात दोनदा धुवावे’. इथली झाडूवाली बाईसुद्धा मोजे घरी नेले की आधी बाल्टीत टाकते.

आणि आईच्या जोड्यांतून ती चिठ्ठी मी काढली. तिन्ही वेळा. मला वाटलं, माझ्या आईला छापील कागद कशाला, माझ्या हातचा जाऊ दे. आत जागा एकाच चिठ्ठीची असते. एक काढली, दुसरी घातली आणि वरून माझा नंबर टाकला. नंतर तुम्हालाच लिहिलं, चिठ्ठी वाचा! तेव्हाही मला आठवलं नाही, वहिनी. खरंच नाही आठवलं. दिवसाला चारशे जोड्यांत मी दुसऱ्यांची चूक बघते, माझ्या हाताकडे बघायची सवयच राहिली नाही.

तुमची माफी कशी मागतात ते मला माहीत नाही. तुम्ही रोज संध्याकाळी तिचे हात धरत होतात आणि मी इथून फोटोत बाल्टी शोधत होते. समोर आले की तुम्हाला हवं ते बोला, मी ऐकून घेईन. त्या घरात पाऊल टाकणार नाही म्हटलेलं मागे घेते. आईला घेऊन जायचंही मागे घेते. तिला तुमच्या उन्हाच्या खिडकीशीच बसू दे, चिठ्ठ्या लावू दे, वाकड्या लागल्या तरी.

रजा लगेच मिळाली नाही. आमचा हिवाळ्याचा माल निघतोय आणि आमच्या पाळीत तपासनीस दोघीच आहोत. एकोणीसला संध्याकाळी निघते, वीसला सकाळी पोचते. आईच्या हातातल्या दोन्ही जोड्या धुऊ नका, फेकूही नका. तुमच्या टबात मीच धुईन. आई बघेल आणि वास गेला म्हणून भांडेल, तेही मला हवंय. या वेळी पार्सल नाही, मी रिकाम्या हातांनी येतेय.

सोबतची चिठ्ठी तिला वाचून दाखवू नका. तिच्या हातात द्या. चष्मा लावून तिला स्वतः वाचू दे. अक्षर माझंच आहे याची ती खात्री करून घेईल, तिच्या पोटी मी उगाच नाही जन्मले.

तुमची नणंद

(सोबत, कारखान्याच्या पिवळ्या कागदाचा बोटभर तुकडा:)

आई, हे मोजे मी पुन्हा तपासले. दोष माझा आहे. आत्ता, हे वाचताना, काढ. रागावलेली नाही, तरी येतेय.
— तपासनीस ७